ज्युरीचं बोलावणं, वय आणि अपंगत्व: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत आता सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेले नागरिक पुष्कळ आहेत. खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटात, म्हणजे ज्युरीत, बसायचं कोर्टाचं बोलावणं (समन्स) टपालात आलं की बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येतं: "तुम्हाला कशाला आता ही दगदग? कळवून टाकू, जमणार नाही म्हणून." कमी ऐकू येणाऱ्या, कमी दिसणाऱ्या किंवा व्हीलचेअर वापरणाऱ्या तरुण माणसालाही हेच सांगितलं जातं. मी न्यू जर्सीत राहते. आईच्या बाबतीत मीही हेच केलं होतं, आणि त्यानंतर हा विषय मुळापासून वाचून काढला. ओळखीपाळखीतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. भर अमेरिकेवर आहे. राज्याराज्यांत नियम वेगळे असतात, म्हणून शेवटचा शब्द तुमच्या काउंटीच्या ज्युरी कार्यालयाचा समजा.

ज्युरीचं समन्स कुणाला येतं?

फेडरल (म्हणजे राज्याच्या नव्हे, केंद्राच्या) कोर्टासाठी माणूस अमेरिकेचा नागरिक हवा, वय १८ पूर्ण हवं, त्या कोर्टाच्या हद्दीत वर्षभर राहिलेला हवा, आणि इंग्रजी लिहिता-वाचता-बोलता यायला हवं. गंभीर गुन्ह्याचा आरोप किंवा शिक्षा असेल तर सहसा चालत नाही. ग्रीन कार्डवर असाल तर ज्युरीत बसता येत नाही. पण समन्स आलं तर ते केराच्या टोपलीत न टाकता 'नागरिक नाही' असं कळवायचं.

१९६८ च्या फेडरल ज्युरी कायद्यात आणखी एक अट आहे. शारीरिक किंवा मानसिक दुर्बलतेमुळे ज्याला ज्युरीचं काम नीट करता येणार नाही, तो अपात्र. याच कायद्यात असंही लिहिलंय की वंश, रंग, धर्म, लिंग, मूळ देश किंवा आर्थिक स्थिती यांवरून कुणालाही ज्युरीतून वगळता येणार नाही. ही यादी सावकाश वाचली की लक्षात येतं, तिच्यात वय नाही आणि अपंगत्वही नाही. पुढचे निम्मे प्रश्न या दोन गाळलेल्या शब्दांतूनच उभे राहतात.

वय झालं म्हणून कोर्ट मला 'नको' म्हणू शकतं का?

नाही. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ज्येष्ठांना 'सुट्टी मागायचा हक्क' असतो. तो कुठे ७० पासून, कुठे ७५ पासून लागू होतो. बऱ्याच फेडरल कोर्टांत सत्तरीपुढच्या माणसाने मागितली तर सूट मिळते. फ्लोरिडात ७० पासून, न्यू जर्सीत ७५ पासून. कॅलिफोर्नियात सत्तरीच्या पुढे तब्येतीचं कारण सांगितलं तर डॉक्टरची चिठ्ठी जोडावी लागत नाही.

या सगळ्यांत 'मागितली तर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. सूट मागणं हा तुमचा निर्णय. तुम्ही ती मागितली नाही, तर ऐंशीव्या वर्षीही तुम्ही चाळिशीतल्या माणसाइतकेच पात्र असता. काउंटरवरचा कर्मचारी "आजी, तुम्ही घरी गेलात तरी चालेल" असं अगदी प्रेमाने म्हणतो, तेव्हा तो सवलत सांगत असतो. तो हुकूम नसतो. "मला थांबायचंय" एवढं म्हटलं की पुरतं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये गोष्ट वेगळी आहे. तिथे वयाची कडक मर्यादाच आहे. ती ७० होती, १ डिसेंबर २०१६ पासून ७५ झाली. ७६ पूर्ण झाली की माणूस कितीही धडधाकट असो, नाव यादीतून जातं. सवलत आणि बंदी यांतला फरक पाहायचा असेल तर हे दोन देश शेजारी ठेवून पाहावेत.

मुलांनी आईवडिलांच्या वतीने फॉर्म भरला तर काय बिघडलं?

हे मी केलंय, म्हणून सविस्तर लिहिते. आई तेव्हा ७७ वर्षांची होती. दोन्ही कानांत मशीन. साताऱ्याजवळच्या एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेली. समन्स आलं त्या संध्याकाळी मी लॅपटॉप उघडला, वयाच्या सवलतीपुढे खूण केली आणि फॉर्म पाठवून मोकळी झाले. जेवताना सहज सांगितलं. तिने हातातला घास ताटात ठेवला. "मला विचारलंस का?" एवढंच म्हणाली.

नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी ती शंभर प्रश्न वहीत लिहून पाठ करत होती. नागरिकांची एक जबाबदारी कोणती, या प्रश्नाचं 'ज्युरीत काम करणं' हे उत्तर त्या वहीत तिच्याच अक्षरात होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही कार्यालयाला फोन करून सवलत मागे घेतली. बाई चांगल्या होत्या, दहा मिनिटांत काम झालं.

बिघडलं काय, तर भेदभावाची सुरुवात कोर्टातच होते असं नाही. ती जेवणाच्या टेबलावरही होते, आणि मायेपोटी होते. आईवडिलांना फॉर्म भरायला मदत जरूर करा. पण खूण त्यांना विचारून करा.

अंध किंवा कर्णबधिर व्यक्ती ज्युरीत बसू शकते का?

हो. पूर्वी अनेक ठिकाणी सरसकट 'नाही' म्हणत. वॉशिंग्टन डीसीच्या सुपीरियर कोर्टात अंध माणसाला ज्युरीत घ्यायचंच नाही असं धोरण होतं. डोनाल्ड गॅलोवे या अंध नागरिकाला तिथे नकार मिळाला आणि त्यांनी दावा लावला. १९९३ मध्ये फेडरल न्यायालयाने निकाल दिला की अंध आहे एवढ्याच कारणावरून एका अख्ख्या गटाला वगळणं बेकायदा आहे. समोरच्या खटल्यात काय पुरावे आहेत, या माणसाला काय जमतं, कोणती सोय लागेल, हे प्रत्येक वेळी वेगळं पाहायला हवं.

त्याच शहरात, पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये डेव्हिड टेटल फेडरल अपील न्यायालयाचे न्यायाधीश झाले. ते अंध होते आणि जवळजवळ तीस वर्षं त्या पदावर राहिले. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयावर २०१४ मध्ये निवडून आलेले रिचर्ड बर्नस्टीन हेही अंध. ज्याला न्यायासनावर बसता येतं त्याला ज्युरीच्या खुर्चीत बसता येणार नाही, असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तर हे थेट लिहिलंय. दृष्टी किंवा श्रवणशक्ती कमी असणं, बोलण्यात किंवा हालचालीत अडचण असणं, एवढ्यावरून कुणी अपात्र ठरत नाही.

पण पुरावा फोटोत असेल तर अंध ज्युरर न्याय कसा करणार?

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला बगल देऊ नये. असे खटले असतात जिथे सगळं प्रकरण एका व्हिडिओवर किंवा दोन सह्यांच्या साम्यावर उभं असतं. तिथे न दिसणाऱ्या माणसाला त्या खटल्यातून बाजूला ठेवणं योग्य असू शकतं. त्याला 'कारण दाखवून हरकत' म्हणतात. वकील कारण सांगतो, न्यायाधीश ते तपासतात, पटलं तर मान्य करतात. पण निर्णय त्या एका खटल्यापुरता असतो. त्या व्यक्तीला दुसऱ्या खटल्याच्या यादीत घालता येतं.

आणि बहुतेक खटले तसे नसतात. करार मोडला का, साक्षीदाराच्या बोलण्यात विसंगती आहे का, कोण कधी कुठे होतं, हे ऐकून ठरतं. कागदपत्रं वाचून दाखवता येतात, ब्रेलमध्ये किंवा संगणकावर ऐकण्याजोगी देता येतात. "साक्षीदाराचा चेहरा वाचता यायला हवा" हा युक्तिवाद नेहमी होतो. चेहरा पाहून खोटं ओळखता येतं असं आपल्याला वाटतं खरं, पण आवाजातला अडखळ, उत्तराआधीची थांबणूक, सवाल टाळायची धडपड हे सगळं कानालाच कळतं. आयुष्यभर कानावर विसंबलेल्या माणसाला ते कदाचित जास्तच कळत असेल.

सोय मागायची कशी आणि काय काय मागता येतं?

राज्यांच्या आणि काउंटीच्या कोर्टांना १९९० चा अपंगत्वविषयक कायदा लागू आहे. त्याला सगळे 'एडीए' म्हणतात. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक सरकारी संस्थेला या कामासाठी एक माणूस नेमावा लागतो. समन्सवर किंवा कोर्टाच्या संकेतस्थळावर त्यांचा फोन नंबर मिळतो. समन्स हातात आलं की लगेच कळवा. सांकेतिक भाषेचा दुभाषी आदल्या दिवशी मागून मिळत नाही.

मागता काय येतं, तर बोललेलं त्याच क्षणी पडद्यावर लिहून दाखवणारी व्यवस्था, दुभाषी, आवाज मोठा करून देणारा हेडफोन, मोठ्या अक्षरातले कागद, व्हीलचेअर मावेल अशी जागा, औषधासाठी किंवा पाय मोकळे करायला ठरावीक वेळाने सुट्टी, जवळचं पार्किंग. मधुमेह असलेल्यांनी खाण्याच्या वेळा आधीच सांगाव्यात. आपल्याकडे हे सांगायला लोक फार लाजतात.

नियमांतल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. सोयीचा खर्च तुमच्याकडून घेता येत नाही. दुभाषाऐवजी मुलाला किंवा सुनेला घेऊन या, असं कोर्ट सांगू शकत नाही. आणि तुम्ही जी सोय मागता तिचा विचार आधी करावा लागतो. दुसरं काही द्यायचं असेल तर ते तितकंच परिणामकारक हवं.

आईने हेडफोन मागितला होता. कोर्टात तिला गळ्यात अडकवायचं एक छोटं यंत्र दिलं आणि न्यायाधीशांनी स्वतः विचारलं, "नीट ऐकू येतंय ना?" तिने सांगितलं, तुमचं येतंय, पण खिडकीजवळच्या वकिलांचं येत नाही, ते माइकपासून लांब उभे राहतात. वकील दोन पावलं पुढे आले. तिच्या शेजारी बसलेला तिशीतला मुलगा नंतर तिला म्हणाला, "बरं झालं तुम्ही बोललात, मलाही ऐकू येत नव्हतं."

कोर्टाची इमारतच चढता येत नसेल तर?

जॉर्ज लेन यांचं प्रकरण यासाठी माहीत हवं. टेनेसी राज्यातल्या पोल्क काउंटीचं कोर्ट वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. लेन व्हीलचेअर वापरत. ते ज्युरर नव्हते, आरोपी होते. पहिल्या तारखेला ते हातांच्या आधाराने रांगत जिने चढून गेले. पुढच्या तारखेला त्यांनी रांगायलाही नकार दिला आणि उचलून नेऊ द्यायलाही. हजर राहिले नाहीत म्हणून त्यांना अटक झाली. हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की न्यायालयापर्यंत पोहोचता येणं हा मूलभूत हक्क आहे, आणि तो डावलणाऱ्या राज्यावर एडीएखाली नुकसानभरपाईचा दावा चालू शकतो. त्या निकालपत्रात समाजातल्या सगळ्या थरांतून ज्युरी निवडली जाण्याच्या हक्काचाही उल्लेख आहे.

तेव्हा लिफ्ट बंद आहे, बाक फार उंच आहे, ज्युरीच्या चौकटीला पायरी आहे, असं दिसलं तर "माझीच अडचण आहे" असं समजून परत फिरू नका. इमारतीची अडचण आहे, ती कळवा.

दुभाषी ज्युरीच्या बंद खोलीत कसा चालेल? तिथे तर बाराच जण हवेत ना?

'तेराव्या माणसाचा' हा आक्षेप फार जुना आहे आणि कर्णबधिर लोकांना तो सगळ्यात जास्त नडला. ज्युरी विचारविनिमयाला बसली की खोलीत बाहेरचं कुणी नको, हा इंग्लिश कायद्याचा जुना दंडक. ऑस्ट्रेलियात गे लायन्स या कर्णबधिर बाईंना क्वीन्सलँडमध्ये याच कारणावरून नाकारलं, आणि २०१६ मध्ये तिथल्या हायकोर्टाने, म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, नकार योग्य ठरवला. कायद्यात दुभाषाला आत बसवण्याची तरतूद नाही, एवढंच कारण. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीने ऑस्ट्रेलियातल्याच दुसऱ्या दोन कर्णबधिर नागरिकांच्या तक्रारींवर उलट मत दिलं होतं: दुभाषी किंवा लिखित व्यवस्था नाकारून ऑस्ट्रेलियाने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराचा भंग केला.

इंग्लंडने २०२२ मध्ये कायदाच बदलला. आता ब्रिटिश सांकेतिक भाषेचा दुभाषी ज्युरीच्या खोलीत बसू शकतो. तो मत देत नाही, चर्चेत पडत नाही, आणि आतलं बाहेर सांगितलं तर तो गुन्हा आहे. कॅलिफोर्नियात ही वाट त्याआधीपासून आहे. तिथे न्यायाधीश दुभाषाला आणि बाकीच्या ज्युररना सूचना देतात की याचं काम फक्त बोलणं पोहोचवणं आहे.

मला या वादात एक गोष्ट नेहमी खटकते. कोर्टात साक्षीदारासाठी, आरोपीसाठी दुभाषी रोज उभे असतात आणि त्यांच्या शब्दावर माणसं तुरुंगात जातात. तिथे विश्वास चालतो, तर खोलीचं दार लावल्यावर तो का संपावा?

इंग्रजी अडखळत बोलतो, हे चालतं का?

इंग्रजी कळण्याची अट फेडरल कोर्टात आहे आणि राज्यांतही सहसा असते. मराठी वळणाचं बोलणं म्हणजे इंग्रजी न येणं नव्हे. साक्ष आणि कागद कळले की झालं. अर्धांगवायूनंतर बोलणं जड झालं असेल, तर तो भाषेचा प्रश्नच नाही, तो सोयीचा प्रश्न आहे. त्याच्यासाठी वेळ मागा.

वकील कारण न सांगता मला वगळू शकतो का?

इथे सगळ्यात मोठी फट आहे, म्हणून जरा थांबून समजून घ्या.

ज्युरी निवडताना दोन्ही बाजूंचे वकील प्रश्न विचारतात. त्यानंतर प्रत्येकाला काही नावं कारण न देता काढून टाकायचा हक्क असतो. फेडरल कोर्टात साध्या गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात सरकारला ६ आणि बचावाला १० नावं, फाशीची शक्यता असेल तर दोघांना २०-२०, दिवाणी खटल्यात ३-३. वकील काही बोलत नाही, फक्त "या ज्युररचे आभार" म्हणतो आणि तुम्ही उठून जाता.

१९८६ मध्ये बॅटसन विरुद्ध केंटकी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वंशावरून हा हक्क वापरता येणार नाही. १९९१ मध्ये तो नियम दिवाणी खटल्यांना आणि १९९२ मध्ये बचाव पक्षालाही लागू झाला. १९९४ मध्ये स्त्री-पुरुष भेदही त्यात आला. पण त्याच १९९४ च्या निकालात न्यायालयाने असंही म्हटलं की ज्या गटांबाबतचे कायदे न्यायालयं सौम्य कसोटीने तपासतात (म्हणजे कायद्यामागे काही वाजवी कारण दिसलं की पुरतं), त्या गटांतल्या लोकांना असं वगळता येईल.

आता हे गट कोणते? १९७६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पोलिसांना पन्नाशीत सक्तीने निवृत्त करण्याचा नियम न्यायालयाने वैध ठरवला आणि वयाला सौम्य कसोटी लावली. १९८५ मध्ये टेक्सासमधल्या क्लेबर्न गावच्या प्रकरणात बौद्धिक अपंगत्वालाही तीच कसोटी लावली, जरी त्या प्रकरणात अपंगांच्या बाजूने निकाल दिला तरी. या दोन निकालांची बेरीज अशी होते की फेडरल राज्यघटनेच्या पातळीवर वय किंवा अपंगत्व बघून कारण न देता वगळलं, तर बॅटसनचा नियम मदतीला येत नाही. १९९९ मध्ये शिकागोच्या फेडरल अपील न्यायालयाने, युनायटेड स्टेट्स विरुद्ध हॅरिस या खटल्यात, मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असलेल्या स्त्रीला सरकारी वकिलाने वगळलं ते चालवून घेतलं.

म्हणजे एक विचित्र परिस्थिती तयार होते. कोर्टाचा कर्मचारी तुम्हाला अपंगत्वामुळे दारातून परत पाठवू शकत नाही, ते बेकायदा आहे. कोर्ट पैसे खर्चून तुमच्यासाठी दुभाषी आणतं, रॅम्प बांधतं. आणि आत गेल्यावर वकील एका वाक्यात तुम्हाला बाहेर काढतो. मला हे मान्य नाही. दार उघडून खुर्ची काढून घेण्याला प्रवेश म्हणत नाहीत.

काही राज्यांनी ही फट बुजवली आहे का?

हो. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी प्रक्रिया संहितेतलं कलम २३१.५ सांगतं की एखादी व्यक्ती अमुक गटातली आहे म्हणून ती पक्षपाती असेल असं गृहीत धरून तिला वगळता येणार नाही, आणि त्या गटांत वय आणि शारीरिक-मानसिक अपंगत्व दोन्ही येतात. न्यू जर्सीत २०२२ पासूनचा नियम राज्याच्या भेदभावविरोधी कायद्यातल्या गटांना संरक्षण देतो, आणि त्या कायद्यात अपंगत्व आहे.

ॲरिझोनाने वेगळी वाट धरली. १ जानेवारी २०२२ पासून तिथे कारण न देता वगळण्याचा हक्कच काढून टाकला. इंग्लंडने तो १९८८ च्या कायद्याने आणि कॅनडाने २०१९ मध्ये रद्द केला. अमेरिकन बार असोसिएशनने २००५ च्या आपल्या तत्त्वांत वय आणि अपंगत्व यांची नावं घेऊन म्हटलंय की यावरून कुणाला ज्युरीसाठी अपात्र ठरवू नये. ते तत्त्व आहे, कायदा नाही.

माझं मत विचाराल तर ॲरिझोनाचा मार्ग जास्त सरळ आहे. यादीत एकेक गट घालत बसलं की जो राहून गेला त्याने काय करायचं?

वकिलाने वय किंवा अपंगत्व बघूनच वगळलं, हे ओळखायचं कसं?

ज्युरीच्या चौकटीत बसलेल्या माणसाला हे बहुधा कळतच नाही, आणि कळलं तरी त्या क्षणी बोलायची सोय नसते. हरकत दुसऱ्या बाजूच्या वकिलाने घ्यायची असते, लगेच, पुढचा माणूस बसायच्या आत. म्हणून हे उत्तर मुख्यतः वकिली करणाऱ्या वाचकांसाठी.

कुणाला काय विचारलं ते लिहून ठेवा. काठी घेऊन आलेल्या माणसाला "तीन आठवडे बसवेल का?" विचारलं आणि पाठदुखीने दर पाच मिनिटांनी हलणाऱ्या तरुणाला विचारलं नाही, तर तो फरक नोंदीत आला पाहिजे. "ती मला गोंधळलेली वाटली" असं कारण आलं तर विचारा, कोणत्या उत्तरावरून? आणि वकिलाला शंका असेल तर त्याने आधी प्रश्न विचारायला हवा. तुम्ही घेत असलेल्या औषधाने दुपारी झोप येते का, हा प्रश्न सभ्यपणे विचारता येतो. न विचारताच वगळलं असेल तर ते अंदाजावर केलंय.

तब्येतीचे तपशील सगळ्यांसमोर सांगायचे नसतील तर ज्युररने न्यायाधीशांना एकांतात बोलायची विनंती करावी. ती बहुधा मान्य होते.

तरुणांशीही वयावरून भेदभाव होतो का?

होतो, आणि त्याची चर्चा कमी होते. मिसूरी आणि मिसिसिपीत अजूनही ज्युरीसाठी २१ वर्षं लागतात. म्हणजे १९ वर्षांचा मुलगा आरोपी म्हणून कोर्टासमोर उभा राहू शकतो, पण त्याच्या वयाचं कुणी ज्युरीत बसू शकत नाही. १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचं वय १८ झालं, आणि पाठोपाठ फेडरल ज्युरीचंही. तरीही ज्युरीत तरुण कमी आहेत अशा तक्रारी न्यायालयांनी फारशा मानल्या नाहीत. १९८५ मध्ये बोस्टनच्या फेडरल अपील न्यायालयाने सांगितलं की 'तरुण' हा ज्युरीच्या दृष्टीने वेगळा असा गटच नाही. वकिलांनाही विद्यार्थी नको असतात, 'अनुभव नाही' म्हणून. म्हातारे नको, 'ऐकू येत नाही' म्हणून. उरतात मधल्या वयाचे, आणि न्याय मात्र सगळ्या वयांच्या लोकांचा करायचा असतो.

मला कधी समन्स आलंच नाही. हा योगायोग का?

असेलही. पण यादी कुठून बनते ते पाहा. मतदार यादी आणि ड्रायव्हिंग लायसन्स हे नेहमीचे स्रोत. जिथे लायसन्सवर जास्त भर आहे तिथे गाडी न चालवणारे आपोआप गळतात: दृष्टी गेलेले, फिट येणारे, वयामुळे गाडी सोडलेले. कुणी मुद्दाम केलेलं नसतं, तरी परिणाम तोच. त्यामुळे घरातल्या ज्येष्ठांनी गाडी सोडली तर बिगर-चालक ओळखपत्र काढून घ्या आणि मतदार यादीतलं नाव आणि पत्ता ताजे ठेवा.

भारतात तर ज्युरीच नाही. मग आम्ही हे का वाचावं?

मुंबईच्या नानावटी खून खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं, हे सर्वांना माहीत आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरी उरली नाही. तिच्यासारखं काही थोडंफार उरलंय ते पारशी विवाह न्यायालयात, जिथे समाजातले प्रतिनिधी न्यायाधीशांसोबत बसतात.

प्रश्न मात्र तोच आहे, फक्त खुर्ची वेगळी. मध्य प्रदेशच्या एका नियमाने अंध उमेदवारांना न्यायिक सेवेतूनच वगळलं होतं. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला आणि सांगितलं की केवळ अपंगत्वामुळे कुणालाही न्यायिक सेवेच्या निवडीतून बाहेर ठेवता येणार नाही. गॅलोवेंच्या निकालात जो तर्क होता तोच इथे आहे: आधी माणूस पाहा. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १२ न्यायालयापर्यंत पोहोचण्याच्या हक्काबद्दलच आहे. तालुक्याच्या कोर्टात वरच्या मजल्यावर तारीख असलेल्या माणसाला त्याचा उपयोग आजही करता येतो.

माझ्या बाबतीत असं झालं तर तक्रार कुठे करायची?

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. कोर्टाने सोय दिली नाही, कर्मचाऱ्याने परत पाठवलं, "असे लोक घेत नाही" म्हटलं, तर आधी त्याच कोर्टाच्या एडीए अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं ते त्याच दिवशी लिहून काढा. समाधान झालं नाही तर अमेरिकेच्या न्याय विभागाकडे तक्रार करता येते आणि तिची मुदत घटनेपासून १८० दिवसांची आहे. फेडरल कोर्टांना मात्र एडीए लागू नाही. त्यांची स्वतःची धोरणं आहेत, आणि त्यासाठी त्या कोर्टाच्या क्लार्क कार्यालयाला पत्र लिहावं लागतं.

वकिलाने कारण न देता वगळलं असेल, तर तुम्ही एकट्याने फारसं काही करू शकत नाही. वंशावरून वगळल्याच्या प्रकरणात १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं होतं की हक्क ज्युररचा स्वतःचाही असतो, पण प्रत्यक्षात लढतो तो खटल्यातला पक्षकारच. तरी कोर्टाच्या अभिप्राय-फॉर्मवर लिहा. आणि तुमच्या राज्याच्या नियमांत वय आणि अपंगत्व हे शब्द नसतील तर तुमच्या मतदारसंघातल्या आमदाराला लिहा. कॅलिफोर्नियात ते शब्द विधिमंडळाने घातले.